अमेरिकेतले बालेकिल्ले कसे ढासळतात

१९३६ साली फ्रँकलिन रुझवेल्ट दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा अमेरिकेत ४८ राज्यं होती. त्यांतली ४६ त्यांनी जिंकली. हाती लागली नाहीत ती फक्त दोन, ईशान्येकडची मेन आणि व्हरमाँट. त्याच निवडणुकीत पार दक्षिणेतल्या मिसिसिपीने रुझवेल्टना ९७ टक्के मतं दिली. रुझवेल्ट डेमोक्रॅटिक पक्षाचे. म्हणजे तेव्हा मिसिसिपी हा डेमोक्रॅट्सचा अभेद्य गड होता आणि व्हरमाँट रिपब्लिकनांचा.

आता २०२४ चा निकाल बघा. व्हरमाँटने डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांना साठ टक्क्यांहून जास्त मतं दिली. मिसिसिपीत जवळपास तेवढीच मतं डोनाल्ड ट्रम्प यांना पडली. दोन्ही गड शाबूत आहेत, फक्त त्यांवरचे झेंडे अदलाबदल झाले आहेत. मिसिसिपीच्या त्या ९७ टक्क्यांकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण त्या आकड्यात एक फार मोठी गोष्ट दडलेली आहे.

अमेरिकेच्या निवडणुकीच्या रात्री आपल्याकडे सकाळ झालेली असते. टीव्हीवर नकाशा झळकतो, एकेक राज्य लाल किंवा निळं होत जातं. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट. हे रंगसुद्धा २००० सालच्या निवडणुकीपासूनच पक्के झाले. १९८० मध्ये एका मोठ्या वाहिनीने रिपब्लिकन उमेदवार रेगन यांची राज्यं निळ्या रंगात दाखवली होती. नकाशा बघून आपण म्हणतो, हे राज्य यांच्याकडे गेलं, ते त्यांच्याकडे. पण प्रदेशांचा कल कसा सरकतो हे या रंगांवरून कळत नाही. कधीकधी तर रंग उलटंच सांगतो.

थोडी पार्श्वभूमी आधी. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक संख्येने निर्वाचक मिळतात: त्या राज्याचे सिनेटर दोन, अधिक कनिष्ठ सभागृहातले त्याचे जितके सदस्य तितके. राजधानी वॉशिंग्टनचे ३ धरून एकूण ५३८. त्यातले २७० मिळाले की जिंकलं. मेन आणि नेब्रास्का सोडली तर बाकी सगळीकडे जो पहिला येतो त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात, मग तो एका मताने पुढे असो की दहा लाखांनी. म्हणून थोडी मतं इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो. २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतलं ट्रम्प यांचं मताधिक्य एकत्र मोजलं तर ऐंशी हजारसुद्धा भरत नाही. पण अध्यक्षपद त्यावर गेलं.

आता मूळ मुद्दा, आणि तो शाळेतल्या मार्कांसारखा आहे. मुलीला गणितात मागच्या वेळी ७० मार्क होते, या वेळी ६५. मुलगी मागे पडली का? लगेच सांगता येत नाही. पेपरच अवघड निघाला असेल आणि वर्गाची सरासरी ६० वरून ५० वर आली असेल, तर मुलगी खरं म्हणजे पुढे सरकली आहे. राज्यांचंही तसंच आहे. एखाद्या वर्षी महागाई, युद्ध, आजारसाथ अशा कारणांनी सगळा देशच एका बाजूला झुकतो. त्यात प्रत्येक राज्य थोडंफार वाहून जातं. पाहायचं असतं ते हे, की देशाच्या तुलनेत हे राज्य कुठे उभं आहे.

जॉर्जियाचं उदाहरण घेऊ. २०१२ मध्ये देशभरात ओबामा सुमारे ४ टक्क्यांनी पुढे होते, तर जॉर्जियात त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी जवळपास ८ टक्क्यांनी पुढे. म्हणजे जॉर्जिया देशापेक्षा रिपब्लिकनांकडे १२ टक्क्यांनी झुकलेलं. २०१६ मध्ये देशात हिलरी क्लिंटन यांना २ टक्के मतं जास्त, जॉर्जियात ट्रम्प ५ टक्क्यांनी पुढे; अंतर ७. २०२० मध्ये देशात बायडेन साडेचार टक्क्यांनी पुढे, जॉर्जियात जेमतेम पाव टक्क्याने, अंतर सव्वाचार. आणि २०२४ मध्ये देशात ट्रम्प दीड टक्क्याने पुढे, जॉर्जियात सव्वादोन टक्क्यांनी. अंतर राहिलं पाऊण टक्का.

बारा, सात, सव्वाचार, पाऊण. २०२० मध्ये जॉर्जिया निळं झालं आणि २०२४ मध्ये परत लाल, तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं की जॉर्जिया रिपब्लिकनांकडे परतलं. पण या चार आकड्यांत परतीचा प्रवास कुठेच दिसत नाही. राज्य एकाच दिशेने चाललं आहे. २०२४ मध्ये देशच दुसऱ्या बाजूला जास्त जोराने गेला.

न्यूयॉर्कची गोष्ट बरोबर उलटी. ते २०२० मध्येही निळं, २०२४ मध्येही निळं. रंगात काडीचा फरक नाही. पण डेमोक्रॅट्सची आघाडी २३ टक्क्यांवरून साडेबारावर आली. देशाचा झुकाव वजा केला तरी न्यूयॉर्क चार-साडेचार टक्के रिपब्लिकनांकडे सरकलंच. यातल्या कुठल्या बातमीला जास्त महत्त्व द्यायचं असं मला कुणी विचारलं, तर मी न्यूयॉर्कचं नाव आधी घेईन.

मग प्रदेश सरकतो म्हणजे नेमकं कोण सरकतं? जमीन तर मत देत नाही. माणसं देतात. आणि इथे चार अगदी वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात. माणसं मत बदलतात. माणसं गाव बदलतात. माणूस जागेवरच असतो, पक्षच बदलतो. आणि मत देणाऱ्यांची यादीच बदलते. आकडा एकच दिसतो, पण कारण ओळखलं नाही तर पुढचा अंदाज हमखास चुकतो.

जॉर्जियात मुख्यतः गाव बदलणं घडलं. अटलांटाच्या उत्तरेला फोर्सिथ नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण कित्येकदा आकाराने तालुक्याएवढाच. १९१२ साली तिथल्या गोऱ्या टोळ्यांनी काळ्या कुटुंबांना धमकावून, चर्च आणि घरं जाळून काउंटीतून हाकलून दिलं. सुमारे हजारभर माणसं जमिनी सोडून काही आठवड्यांत परागंदा झाली. पुढची पाऊणशे वर्षं फोर्सिथ जवळजवळ पूर्ण गोरं राहिलं. १९८७ मध्ये तिथे नागरी हक्कांसाठी मोर्चा निघाला तर त्यावर दगड भिरकावले गेले. त्याच फोर्सिथमध्ये २०२० च्या जनगणनेत साधारण दर सहा माणसांमागे एक आशियाई वंशाचा होता, आणि त्यात मोठा भरणा भारतीयांचा. अल्फारेटा आणि आसपासच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या नोकऱ्या, चांगल्या सरकारी शाळा, नवी घरं यांसाठी ही कुटुंबं आली. त्यांत मराठी घरंही आहेत.

आता मतं बघा. २०१२ मध्ये फोर्सिथमध्ये रॉम्नी यांना ८० टक्के मतं होती. २०२० मध्ये ट्रम्प यांना ६६. नकाशावर काउंटी तेव्हाही लालभडक, आताही लाल. पण त्या वर्षी तिथे सव्वा लाखाहून जास्त मतदान झालं होतं, आणि बायडेन यांनी अख्खं जॉर्जिया ११,७७९ मतांनी जिंकलं होतं. फोर्सिथमध्ये २०१२ चंच प्रमाण कायम राहिलं असतं तर डेमोक्रॅट्सना तिथे एकोणीस हजारांच्या आसपास मतं कमी पडली असती आणि राज्य हातचं गेलं असतं. जी काउंटी त्यांनी जिंकलीच नाही, तिथल्या कमी झालेल्या पराभवाने त्यांना राज्य मिळवून दिलं. निवडणुकीचं गणित असं चालतं, हे मला हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा नीट उमगलं. हे मत बदलणारे सगळे बाहेरून आलेले होते असं मात्र नाही. जुन्या रहिवाशांतही पदवीधर वर्ग ट्रम्प यांच्या काळात पक्षापासून दुरावला. पण लोकांचा ओघ ही मोठी शक्ती होती. शहराच्या दक्षिणेला हेन्री काउंटीत तीच शक्ती वेगळ्या माणसांच्या रूपाने आली: तिथे काळ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी घरं घेतली. २०१२ मध्ये हेन्री रॉम्नी यांनी जिंकली होती. २०२४ मध्ये जवळजवळ सगळा देश ट्रम्प यांच्याकडे सरकत असताना ती डेमोक्रॅट्सकडे आणखी सरकली.

व्हरमाँटमध्ये गाव बदलणं आणि पक्ष बदलणं दोन्ही एकत्र झालं. १८५६ पासून १९६० पर्यंत या राज्याने प्रत्येक वेळी रिपब्लिकन उमेदवार निवडला. पक्षाची सुरुवातच गुलामगिरीच्या विरोधातून झाली होती. व्हरमाँटच्या शेतकऱ्यांना तो आपला वाटत होता. १९६० मध्ये राज्याची लोकसंख्या चार लाखांपेक्षाही थोडी कमी होती. वीस वर्षांत ती पाच लाखांवर गेली. न्यूयॉर्क, बोस्टनकडची तरुण मंडळी डोंगरात राहायला आली; ब्रुकलिनमध्ये जन्मलेले आणि पुढे व्हरमाँटचे सिनेटर झालेले बर्नी सँडर्स त्यांतलेच. पण जे जुने रिपब्लिकन होते त्यांचं काय? खर्चाला आखडते, सामाजिक बाबतीत मवाळ अशी ती माणसं होती. त्यांचा पक्ष दक्षिणेकडे, धार्मिक आणि कडव्या राजकारणाकडे सरकत गेला आणि ती मागे उरली. तिथले सिनेटर जिम जेफर्ड्स यांनी २००१ मध्ये रिपब्लिकन पक्ष सोडला आणि त्या एका माणसामुळे सिनेटमधलं बहुमत बदललं. व्हरमाँटच्या कितीतरी सामान्य मतदारांचा प्रवास त्यांच्यासारखाच झाला असणार, फक्त त्याची बातमी झाली नाही.

मत बदलण्याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण वेस्ट व्हर्जिनियातलं. मॅकडॉवेल काउंटी, कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९५० मध्ये तिथे जवळपास एक लाख माणसं राहत होती. २०२० मध्ये वीस हजारसुद्धा नव्हती. १९६० च्या प्रचारात जॉन केनेडी इथे फिरले, उपासमार त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि १९६१ मध्ये गरिबांना अन्नासाठी कुपनं देण्याची नवी योजना सर्वांत आधी याच काउंटीत सुरू झाली. खाणकामगारांची संघटना म्हणजे इथलं कुलदैवत आणि संघटना म्हणजे डेमोक्रॅटिक पक्ष. मत देणं हा विचार करण्याचा विषयच नव्हता. ते घराण्यात चालत आलेलं होतं.

मग यंत्रं आली आणि दहा माणसांचं काम दोघांत होऊ लागलं. खाणी बंद पडल्या तशी संघटना विरत गेली. संघटनेचं कार्यालय, तिथल्या सभा, तिथे बापाबरोबर जाणारी मुलं, हे सगळं गेलं की पक्षाशी असलेला धागा फक्त सवयीचा उरतो. तोवर डेमोक्रॅट पक्ष शहरी पदवीधरांचा, पर्यावरणाच्या कायद्यांचा, बंदुकांवर निर्बंध मागणाऱ्यांचा पक्ष झाला होता. २००८ मध्ये मॅकडॉवेलने ओबामांना ५३ टक्के मतं दिली. चार वर्षांनी रॉम्नी यांना ६४ टक्के. २०१६ मध्ये ट्रम्प यांना ७५ टक्क्यांच्या जवळपास. आठ वर्षांत एवढी उलथापालथ! बाहेरून लोक येऊन हे झालं नाही. लोक तर निघूनच जात होते. जे तरुण बाहेर पडले त्यांची मतं आता दुसऱ्या राज्यांत मोजली जातात, आणि जे राहिले त्यांना वाटतं की ज्यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मतं दिली त्यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं. मला ही तक्रार खोटी वाटत नाही, तिच्यातून निघालेल्या निष्कर्षाशी कुणाचं जमो न जमो.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशा बदलात राष्ट्राध्यक्षपदाचं मत आधी फिरतं आणि गावपातळीवरचं फार उशिरा. वेस्ट व्हर्जिनियाने २००० पासून प्रत्येक वेळी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निवडला, पण राज्याचं विधिमंडळ डेमोक्रॅट्सच्या हातून गेलं ते २०१४ च्या निवडणुकीत. ओळखीच्या उमेदवाराला माणूस सहजासहजी सोडत नाही.

टेक्ससच्या टोकाला, रिओ ग्रान्दे नदीच्या काठी स्टार काउंटी आहे. नदीपलीकडे मेक्सिको. इथले शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक हिस्पॅनिक वंशाचे, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक मुलखांशी नाळ असलेले. १८९२ नंतर या काउंटीने एकदाही रिपब्लिकन उमेदवार निवडला नव्हता. २०१२ मध्ये ओबामांना ८६ टक्के, २०१६ मध्ये क्लिंटन यांना ७९, २०२० मध्ये बायडेन यांना ५२, आणि २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले, सुमारे ५८ टक्के मतं घेऊन. दोन्ही पक्षांचे जाणकार वर्षानुवर्षं धरून चालले होते की हिस्पॅनिक मतदार वाढले की टेक्सस आपोआप डेमोक्रॅट्सकडे येईल. मतदाराला त्याच्या वंशावरून मोजण्याची ही चूक. स्टारमधला माणूस तेलक्षेत्रात काम करतो, त्याचा भाऊ सीमा सुरक्षा दलात असतो, रविवारी चर्चला जातो, पेट्रोलचा आणि अंड्यांचा भाव बघतो. त्याचं आयुष्य न्यूयॉर्कमधल्या पदवीधर हिस्पॅनिकापेक्षा मॅकडॉवेलच्या कामगाराच्या जास्त जवळ आहे. फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीतही २०१६ ते २०२४ मध्ये असाच पूर उलटा वाहिला. तिथे क्युबा आणि व्हेनेझुएलातून आलेल्यांचा डाव्या राजकारणाबद्दलचा राग हे आणखी एक कारण.

आता फोर्सिथ, मॅकडॉवेल आणि स्टार शेजारी ठेवून बघा. सध्याच्या बदलाचं मोठं सूत्र त्यात दिसतं: कॉलेजची पदवी. एके काळी पदवीधर मतदार रिपब्लिकनांकडे झुकायचा आणि कामगार डेमोक्रॅट्सकडे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे पारडं पूर्ण फिरलं. कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी ही रिपब्लिकनांची श्रीमंत पंढरी. १९३६ नंतर तिने पहिल्यांदा डेमोक्रॅट उमेदवार निवडला तो २०१६ मध्ये, म्हणजे नेमका त्याच वर्षी ज्या वर्षी आयोवा, ओहायोची छोटी गावं ट्रम्प यांच्याकडे गेली. आयोवातल्या हॉवर्ड काउंटीने २०१२ मध्ये ओबामांना वीस टक्क्यांहून जास्त आघाडी दिली होती आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना वीस टक्क्यांची.

राज्यांचं वजनही बदलतं, हे थोडक्यात सांगतो. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर निर्वाचकांची वाटणी नव्याने होते. १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे ४५ निर्वाचक होते आणि फ्लोरिडाचे १०. २०२४ मध्ये न्यूयॉर्कचे २८, फ्लोरिडाचे ३०. वातानुकूलन यंत्रं घरोघरी आली आणि माणसं उन्हाळी राज्यांकडे गेली.

आणि आता मिसिसिपीचे ते ९७ टक्के.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिण हरली, गुलामगिरी संपली. युद्ध लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाने जिंकलं, म्हणून दक्षिणेतला गोरा मतदार पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट राहिला. काळ्या नागरिकांना घटनेने मताधिकार दिला होता, पण मतदानावर कर, वाचनाच्या फसव्या परीक्षा आणि उघड दहशत यांच्या जोरावर तो काढून घेतला गेला. १९६४ मध्येसुद्धा मिसिसिपीतल्या पात्र काळ्या नागरिकांपैकी सात टक्क्यांचीही नावं मतदारयादीत नव्हती. ते ९७ टक्के म्हणजे मत देऊ दिलेल्यांचे ९७ टक्के.

डेमोक्रॅट पक्ष नागरी हक्कांकडे वळायला लागला तसा हा गोरा मतदार बिथरला. १९४८ मध्ये दक्षिणेतले डेमोक्रॅट नेते स्ट्रॉम थर्मंड यांनी वेगळी चूल मांडली आणि दक्षिणेतली चार राज्यं जिंकली. १९६४ च्या जुलैमध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. चार महिन्यांनी त्यांनी देशभर प्रचंड विजय मिळवला, पण त्या कायद्याच्या विरोधात मत दिलेले रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांना मिसिसिपीत ८७ टक्के मतं पडली. व्हरमाँटने पहिल्यांदा डेमोक्रॅट निवडला तोही याच निवडणुकीत. मिसिसिपीशेजारच्या अलाबामात तर मतपत्रिकेवर जॉन्सन यांचं नावच येऊ दिलं नव्हतं. पुढे मिसिसिपीने १९६८ मध्ये वंशभेदाचे समर्थक, तिसऱ्या पक्षाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांना निवडलं, मग १९७६ मध्ये जॉर्जियाचे जिमी कार्टर यांच्यासाठी थोडं माघारी, आणि १९८० पासून मिसिसिपी कायमचं रिपब्लिकन.

पण अलाबामाचा काउंटीवार नकाशा जवळून पाहिला तर लाल राज्याच्या मधून आडवी एक निळी पट्टी जाते. ती निवडणुकीमागून निवडणूक जागची हलत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या काळात, इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या खडूच्या थरावर काळीभोर, कसदार माती तयार झाली. विदर्भातल्या माणसाला काळ्या मातीत काय पिकतं ते सांगायला नको. इथेही कापूसच आला, आणि तो वेचायला गुलाम आणले गेले. यादवी युद्धात हाच कापूस अडकला म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला होता. गुलामांचे वंशज त्याच मातीवर राहिले.

त्या पट्टीत, सेल्मा आणि माँटगोमेरी या शहरांच्या मधोमध, लाऊंड्स काउंटी आहे. १९६५ च्या मार्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा पदयात्रेचा ताफा इथल्याच रस्त्याने गेला, आणि ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला. आता लाऊंड्समध्ये डेमोक्रॅट उमेदवाराला सत्तर टक्क्यांच्या आसपास मतं पडतात. इथे कुणाचं मतपरिवर्तन झालं नाही, बाहेरून कुणी राहायला आलं नाही. १९६५ उजाडलं तेव्हा लाऊंड्समध्ये दर पाच माणसांत चार काळी होती, आणि मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं.